बाभळीची साल: चुलीत जाणाऱ्या या कचऱ्यात नेमकं आहे तरी काय?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं आणि नळदुर्गचा किल्ला मागे टाकला, की थोड्याच वेळात जळकोट येतं. जळकोट म्हटल्यावर अनेकांना लातूर जिल्ह्यातला तालुका आठवतो. हे ते नव्हे. हे धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं, महामार्गावरचं गाव. या सगळ्या पट्ट्यात पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी तर कुठे मुरमाड. आणि बांधावर, ओढ्याच्या काठाला, पडीक तुकड्यात, कुणीही न लावता उगवलेलं एक झाड हमखास दिसतं. बाभूळ.

बाभळीचं काही वाया जात नाही असं जुनी माणसं सांगतात. खोड सॉ मिलला किंवा वखारीला जातं, फांद्या सरपणाला, काटेरी डहाळ्या कुंपणाला. शेंगा शेळ्या आवडीनं खातात, डिंक विकला जातो, कोवळी काडी दातवणाला चालते. पूर्वी नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, सगळं बाभळीचंच असायचं.

राहिली साल.

लाकूड कापायच्या आधी ती सोलून बाजूला टाकतात. तिचा ढीग साचतो, वाळतो, आणि मग कुणीतरी पोतं भरून चुलीत घालायला नेतं. नाहीतर पहिल्या पावसात तो ढीग भिजतो, त्यातून तांबडं-काळं पाणी वाहतं आणि साल जागेवरच कुजते.

आता गंमत अशी, की पावसात वाहून जाणारं ते तांबडं पाणी हाच या झाडाचा एकेकाळी सगळ्यात किमती माल होता. जगात आजही झाडांच्या सालीतून तोच माल काढून विकला जातो, आणि भारत तो बाहेरून विकत आणतो. त्याचं नाव टॅनिन.

तोंड आवळतं ते कशामुळे?

हिरडा चावला, कच्चं जांभूळ खाल्लं किंवा जास्त उकळलेला कोरा चहा प्यायलात तर जीभ कोरडी पडते, तोंड आतून आवळल्यासारखं होतं. आपण त्याला तुरट म्हणतो. ही चव कमी आणि घटना जास्त आहे. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, तीच तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिनचे रेणू त्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, त्यांच्या गुठळ्या करतात आणि तोंडाचं वंगणच जातं.

झाड हे टॅनिन आपल्या करमणुकीसाठी बनवत नाही. किडा, बुरशी, पाला ओरबाडणारं जनावर, या सगळ्यांचा कारभार प्रथिनांवर चालतो. साल म्हणजे झाडाची कातडी, त्यामुळे बंदोबस्त तिथेच जास्त. बाभळीच्या वाळलेल्या सालीत साधारण 12 ते 20 टक्के टॅनिन भरतं. झाडाचं वय, जात आणि जमीन यानुसार ते कमीजास्त होतं.

खात्री करायची तर प्रयोगशाळा लागत नाही. सालीचे तुकडे गरम पाण्यात तासभर ठेवा. पाणी तांबूस होईल. त्यात गंजका खिळा टाकून ठेवा. पाणी काळपट पडतं, कारण लोखंड आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. सुताराच्या हाताला ओलं बाभळीचं लाकूड आणि लोखंडी हत्यार एकत्र लागलं की डाग पडतात, तेही यामुळेच.

कातडं आणि चामडं

प्रथिनांना चिकटायचा टॅनिनचा हा गुण माणसाने फार पूर्वी हेरला. जनावराचं ओलं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. तसंच ठेवलं तर दोन-चार दिवसांत सडतं, वाळवलं तर पापडासारखं कडक होतं. पण तेच कातडं टॅनिनच्या पाण्यात मुरवलं तर टॅनिन त्या धाग्यांमध्ये घुसतं, त्यांना एकमेकांशी बांधून टाकतं, आणि सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे काही खाता येत नाही. कातड्याचं चामडं होतं. मराठीत याला किती नेमका शब्द आहे पाहा: कातडं *कमावणं*.

याचं आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिचं पारंपरिक चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेलं असतं. पद्धतही बघण्यासारखी. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून कातड्यावरचे केस काढायचे. मग कातडं शिवून त्याची पिशवी करायची, तिच्यात बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा चुरा भरायचा, वर पाणी ओतायचं आणि ती पिशवी टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून आतून बाहेर झिरपत राहतं आणि टॅनिन धाग्याधाग्यात बसत जातं. खाली पडलेलं पाणी पुन्हा वर ओतायचं. असं बरेच दिवस.

बाभूळ आणि हिरडा दोन्ही का? कारण दोघांचं टॅनिन वेगळ्या घराण्यातलं आहे. हिरड्याचं टॅनिन फिकट पिवळसर रंग देतं आणि सहज फुटतं. बाभळीच्या सालीतलं टॅनिन मोठ्या, जोडलेल्या रेणूंचं, ते तांबूस रंग आणि भरीवपणा देतं. नव्या कोल्हापुरीचा तो वास आणि घामाने हळूहळू गडद होत जाणारा तळवा, यात सालीचा वाटा मोठा आहे.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय टॅग. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. आपल्याकडचे चार म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर. सोलापूर म्हणजे जळकोटचा शेजारच. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि सुरुवातीला नावही घेतलं नाही, तेव्हा सोशल मीडियावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. दबाव वाढल्यावर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. त्या सगळ्या वादात डिझाइनवर भरपूर बोललं गेलं. चामडं कमावणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या सालीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

हे ज्ञान कुणाचं होतं?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात कातडी कमावण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर कक्कय्या समाजाने केलं. जळकोटवरून तोच महामार्ग धरून उमरग्याच्या पुढे कर्नाटकात शिरलं, की जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये डोहर कक्कय्या होते, ते कातडी कमावणारे. समाजाचं नाव त्यांच्यावरून.

कोणत्या वयाच्या झाडाची साल घ्यायची, चुरा किती बारीक करायचा, पाणी कधी बदलायचं, चामडं तयार झालं हे बोटाने दाबून कसं ओळखायचं, हे सगळं रसायनशास्त्रच होतं. फक्त ते करणाऱ्यांना शास्त्रज्ञ म्हणण्याऐवजी गावाबाहेर ठेवलं गेलं. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी संधी मिळताच हे काम सोडलं, यात नवल काहीच नाही. "पारंपरिक कौशल्य टिकवा" असं शहरात बसून लिहिणं सोपं असतं. चुन्याच्या हौदात उभं राहणाऱ्याला ते तसं वाटत नाही.

मग साल बाजारातून गेली कशी?

इंग्रजांच्या काळात बाभळीच्या सालीला मोठी मागणी होती. कानपूरला लष्करासाठी खोगीर, पट्टे, बूट बनवणारे कारखाने उभे राहिले आणि उत्तरेतलं चामडं मुख्यतः बाभळीच्या सालीवर कमावलं जायचं. दक्षिणेत मद्रासकडे हेच काम तरवडाची साल करायची. तरवड म्हणजे माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारं ते झुडूप, तेही आपल्या भागात भरपूर आहे.

या धंद्याला दोन धक्के बसले. पहिला क्रोमचा. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. सालीला जिथे आठवडे लागतात तिथे क्रोमचं काम साधारण दिवसभरात उरकतं, आणि चामडं मऊ, हलकं निघतं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमवर कमावलं जातं. त्याचं सांडपाणी नीट हाताळलं नाही तर काय होतं, हे टॅनरी असलेल्या गावांच्या विहिरींनी भोगलंय, पण स्वस्ताई जिंकली.

दुसरा धक्का एका परदेशी बाभळीनेच दिला. ऑस्ट्रेलियातली ब्लॅक वॅटल ही बाभळीचीच चुलतबहीण. तिच्या सालीत 30 ते 40 टक्क्यांपर्यंत टॅनिन भरतं, म्हणजे आपल्या बाभळीच्या दुप्पट. दक्षिण आफ्रिकेत तिच्या शिस्तीत लागवडी झाल्या. झाड तोडलं की लाकूड लगद्याला आणि साल अर्क काढणाऱ्या कारखान्याला, असा हिशेब बसला. तयार पावडरची पोती जहाजाने निघाली. भारतातल्या टॅनरीवाल्यालाही गावोगावची ओलीसुकी साल गोळा करण्यापेक्षा मोजून-मापून आलेलं पोतं फोडणं सोपं वाटलं.

तेव्हा बाभळीची साल निकामी ठरली म्हणून चुलीत गेली, असं नाही. ती गोळा करणारी साखळी तुटली.

आज त्याचं करता काय येतं?

चामडं हा पहिला गिऱ्हाईक, पण आता एकटा नाही. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड चिकटवायला फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरतात, तो खनिज तेलातून येतो. टॅनिनची रचना फिनॉलच्याच जातीची असल्यामुळे त्याचा काही भाग सालीच्या अर्काने भागवता येतो. दक्षिण आफ्रिकेत 1970 च्या दशकापासून हे कारखान्यांत चालू आहे. ब्राझीलमध्ये वॅटलच्या टॅनिनवर थोडी प्रक्रिया करून पाणी शुद्ध करायला वापरतात. आपण तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तसंच हे काम. दोघांचा तुरटपणाशी संबंध आहे हा योगायोग मजेशीर आहे. कापड रंगवताना रंग पक्का बसायला टॅनिन लागतं. जनावरांच्या खाद्यात ते थोड्या प्रमाणात मिसळून पोटातला मिथेन कमी करण्यावरही काम झालंय, मात्र प्रमाण चुकलं तर जनावराला चाराच पचत नाही.

युरोपात सॉ मिलची आणि कागद कारखान्यांची साल बहुतेक बॉयलरमध्ये जाते. तरी फ्रान्सच्या लांद भागात पाइनच्या सालीचा अर्क काढून त्याच्या गोळ्या जगभर महाग विकल्या जातात. त्या गोळ्यांबद्दल जेवढे दावे केले जातात तेवढे पुरावे नाहीत, पण लाकडाच्या धंद्यातला कचरा बाटलीत भरला गेला एवढं खरं.

आणि हो, बाभळीच्या सालीला एक ठरलेलं गिऱ्हाईक आपल्याकडेही आहे. हातभट्टीच्या धाडीच्या बातम्या नीट वाचल्या तर गूळ आणि नवसागराबरोबर तिचंही नाव सापडतं. तो उद्योग इथे धरलेला नाही.

काढायचं कसं, आणि अडतं कुठे?

पद्धत चहा करण्यापेक्षा फार वेगळी नाही. साल वाळवायची, जाडसर भरडायची, 70-80 अंशांच्या गरम पाण्यात मुरवायची. कारखान्यात चार-सहा टाक्या ओळीने ठेवतात. ताजं पाणी सगळ्यात जुन्या, जवळपास निथळलेल्या सालीवर सोडतात आणि ते एकेक टाकी ओलांडत शेवटी ताज्या सालीपर्यंत येतं. त्यामुळे कमी पाण्यात दाट अर्क मिळतो. मग तो आटवायचा आणि पावडर करायची. पाणी भांड्यातून वाहणारं असो की पिशवीतून झिरपणारं, तत्त्व तेच.

यात एक चांगली गोष्ट आहे. अर्क काढून झाला तरी साल शिल्लकच राहते. ती वाळवून तोच बॉयलर पेटवता येतो. म्हणजे आज आपण थेट जाळतो तीच साल, आधी माल काढून मग जाळायची.

आता हिशेब मांडून बघू. 100 किलो वाळलेली साल घेतली आणि तिच्यात 15 टक्के टॅनिन धरलं, तर अगदी सगळं निघालं तरी 15 किलो. प्रत्यक्षात सगळं कधीच निघत नाही, शिवाय अर्कात साखर, डिंक, क्षार असं बरंच येतं. 10 किलोच्या आसपास टॅनिन हाती लागलं तरी बरं म्हणायचं. त्यासाठी 100 किलो साल वाहायची, काही शे लिटर पाणी तापवायचं, आणि त्यातलं बहुतेक पाणी परत वाफ करून उडवायचं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे वाक्य वाचताना कुणीही थबकेल. पाणी पुन्हा वापरण्याची सोय केल्याशिवाय इथे असा कारखाना काढणं म्हणजे एक कचरा संपवायला दुसरी अडचण विकत घेणं.

दुसरी अडचण गोळा करण्याची. वॅटलची लागवड एका जागी हजारो झाडांची. आपली बाभूळ या बांधावर एक, त्या ओढ्याला चार. एका सॉ मिलपाशी साठणारी साल कारखान्याला पुरत नाही, आणि दहा सॉ मिलांची आणायची तर टेम्पोचं भाडंच मालाची किंमत खातं. भरडून आणली तर जागा कमी लागते. गावातच घट्ट अर्क काढून फक्त तो पाठवला तर त्याहून कमी. पण त्यासाठी गावात तेवढं यंत्र आणि ते चालवणारं माणूस पाहिजे, आणि घेणाऱ्याला दर खेपेला सारखाच माल पाहिजे. एका झाडाच्या सालीत 12 टक्के आणि दुसऱ्याच्यात 20, हे चुलीला चालतं, कारखान्याला नाही.

तिसरी अडचण ओळखण्याची. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, ही ती बाभूळ नव्हे. ती मूळची अमेरिका खंडातली. कातडी कमावायची परंपरा आहे ती गोल पिवळ्या फुलांच्या, माळेसारख्या शेंगांच्या आपल्या देशी बाभळीच्या सालीची.

भाव आला तर?

समजा उद्या सालीला भाव आला. "बाभळीच्या सालीतून लाखोंची कमाई" असा व्हिडिओ फिरला. मग काय होईल, याचं उत्तर सह्याद्रीतच आहे.

कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलात नरक्या नावाचं एक लहानसं झाड वाढतं. उग्र वासामुळे त्याला हे नाव. 1970 च्या दशकात त्यात कॅम्पटोथेसिन सापडलं, कर्करोगावरच्या काही औषधांचा हा कच्चा माल. परदेशातून मागणी आली, आणि कुणी विचारत नव्हतं ते झाड रातोरात तोडून, तुकडे करून, पोत्यांतून जाऊ लागलं. तस्करीच्या बातम्या येत राहिल्या. झाड दुर्मिळ झालं.

अमेरिकेतही तेच. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध निघालं. साल पहिल्यांदा 1962 मध्ये गोळा झाली, रचना 1971 मध्ये उलगडली, औषधाला 1992 मध्ये मान्यता मिळाली. मधल्या काळात लक्षात आलं, की एका रुग्णाच्या उपचाराला अनेक झाडं सोलावी लागतात आणि सोललेलं झाड मरतं. मग शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या पानांपासून तेच औषध बनवायची वाट काढली. पानं तोडली तर पुन्हा येतात.

साल तशी येत नाही. खोडाभोवती पूर्ण गोल साल काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. सालीला लागूनच अन्न वाहून नेणारा थर असतो, तोही तिच्याबरोबर निघतो. म्हणून "टाकाऊ साल" आणि "साल" या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लाकडासाठी आधीच तुटलेल्या झाडाची साल हा कचरा. उभ्या झाडाची साल हे झाडच. पण पोत्यात भरल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि घेणारा सहसा विचारत नाही. खरेदी थेट सॉ मिलच्या दारातूनच केली, सोबत लाकडाची नोंद मागितली, तर हे काही अंशी आवरता येतं.

तोवर कुणाला लहान प्रमाणात सुरुवात करायची असेल तर गिऱ्हाईक शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. सालीवर चामडं कमावणारे कारागीर थोडे उरलेत, पण आहेत, आणि त्यांना पावडर नको, चांगली वाळलेली सालच हवी असते. तिच्यासाठी पाणी तापवावं लागत नाही, यंत्र लागत नाही. लाकूड ओलं असतानाच साल सोलायची, कारण वाळली की ती लाकडाला धरून बसते. पत्र्याखाली पसरून वाळवायची. ढीग उघड्यावर ठेवला आणि वरून पाऊस पडला, की टॅनिन पाण्याबरोबर जातं, बुरशी धरते आणि उरते ती फक्त चुलीत घालायची साल.